तीन तिरक्या रेघांची कमेंट हिशेबपट्टीवर दाखवता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमधली एक छोटी टीम बाजार समितीतल्या अडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते, भाषा सी शार्प. हमाली, तोलाई, वाराई अशी प्रत्येक वजावट काढणारी वेगळी मेथड (कोडचा नाव दिलेला तुकडा) आहे आणि प्रत्येक मेथडच्या वर तीन तिरक्या रेघांची डॉक कमेंट, म्हणजे त्या मेथडचं वर्णन करणारी टीप आहे, तीही छान मराठीत लिहिलेली. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर प्रत्येक रकमेशेजारी प्रश्नचिन्हाचं बटण द्यायचं आणि ते दाबलं की त्या मेथडची कमेंट स्क्रीनवर दाखवायची, असा बेत आहे. रिफ्लेक्शनने, म्हणजे चालत्या प्रोग्रामला स्वतःच्याच रचनेची माहिती विचारायच्या सोयीने, मेथडचं नाव मिळतं, पॅरामीटर मिळतात, परतीचा टाइपही मिळतो; कमेंट मात्र कुठेच सापडत नाही. प्रश्नकर्तीने शेवटी विचारलंय, ‘माझं काही चुकतंय का?’

तुमचं काही चुकत नाही. सी शार्पमध्ये डॉक कमेंट रिफ्लेक्शनने मिळत नाही, कारण बिल्ड झालेल्या असेंब्लीत, म्हणजे कोडपासून तयार झालेल्या ईएक्सई किंवा डीएलएल फाइलमध्ये, ती नसतेच. ती मिळवायचे आडवाटेचे मार्ग आहेत आणि ते मी खाली नीट सांगतो. पण तुम्हाला जे काम करायचंय त्यासाठी तो मार्ग घेऊ नका असं माझं मत आहे, आणि त्यामागे द्राक्षाच्या एका हंगामातला माझा अनुभव आहे. तोही सांगतो.

आधी असं का होतं ते पाहू. कंपाइलर सोर्स वाचतो तेव्हा साध्या कमेंट त्याच्या लेखी मोकळ्या जागेसारख्याच असतात. कोडचा अर्थ त्यांच्याशिवाय पूर्ण होतो, म्हणून त्या पुढे जात नाहीत. असेंब्लीत जातो तो मेटाडेटा: क्लासची नावं, मेथडची नावं, पॅरामीटरांची नावं आणि टाइप, कोण कोणापासून वारसा घेतो ते, आणि त्यांच्यावर लावलेले अॅट्रिब्यूट (कोडला चिकटवलेली माहितीची लेबलं). रिफ्लेक्शन म्हणजे हा मेटाडेटा चालत्या प्रोग्राममधून वाचायची सोय, बाकी काही नाही. जे त्या पेटीत ठेवलंच नाही ते रिफ्लेक्शन कुठून काढणार?

डॉक कमेंटला सी शार्पने थोडी वेगळी वागणूक दिली आहे. प्रोजेक्ट फाइलमध्ये डॉक्युमेंटेशन फाइल तयार करण्याचा पर्याय चालू केला, तर कंपाइलर या कमेंट गोळा करून असेंब्लीशेजारी एक वेगळी एक्सएमएल फाइल लिहितो. कोड लिहायच्या एडिटरमध्ये मेथडवर माउस नेला की जो मजकूर दिसतो, तो दुसऱ्याच्या लायब्ररीच्या बाबतीत याच फाइलमधून येतो. म्हणजे कमेंट हरवलेली नाही, फक्त ती दुसऱ्या घरात राहते. तुम्हाला रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, ती हवी असेल तर ती फाइल उघडून वाचावी लागेल.

वाचायची पद्धत ऐकायला सोपी आहे. फाइल प्रोग्राम सुरू होताना एकदाच उघडा, प्रत्येक मेंबरची ओळख आणि त्याचा मजकूर अशी एक डिक्शनरी बनवा, आणि मग रिफ्लेक्शनने हाती आलेल्या मेथडवरून तीच ओळख तयार करून डिक्शनरीत शोधा. त्रास आहे तो ही ओळख तयार करण्यात. तिची ठेवण अशी: सुरुवातीला प्रकार सांगणारं एक अक्षर, मेथडसाठी एम, टाइपसाठी टी, प्रॉपर्टीसाठी पी, फील्डसाठी एफ. मग कोलन, मग नेमस्पेससकट पूर्ण नाव, मग कंसात पॅरामीटरांचे पूर्ण टाइप, मधे स्वल्पविराम आणि एकही स्पेस नाही. पॅरामीटर नसतील तर कंसही नाही.

इथपर्यंत तुमची हमालीची मेथड पहिल्या दिवशीच चालेल. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी लिस्ट घेणारी मेथड लिहील आणि तिची कमेंट सापडणार नाही. कारण रिफ्लेक्शन जेनेरिक टाइपचं नाव एका प्रकारे देतं, मागे बॅकटिक (`) आणि संख्या लावून, आणि एक्सएमएल फाइल तेच महिरपी कंसात आतला टाइप घालून लिहिते. क्लासच्या आत क्लास असेल तर रिफ्लेक्शनच्या नावात अधिकचं चिन्ह येतं आणि फाइलमध्ये तिथे साधा टिंब असतो. रेफने जाणाऱ्या पॅरामीटरच्या मागे रिफ्लेक्शन ‘&’ हे चिन्ह जोडतं, फाइल ‘@’ लावते. कन्स्ट्रक्टरच्या नावात फाइलमध्ये हॅश असतो. यातली प्रत्येक गोष्ट पाच-दहा ओळींत सुटते. पण यातली एकही चुकली तर अपवाद (एरर) फेकला जात नाही, फक्त डिक्शनरीत काही सापडत नाही आणि स्क्रीनवर रिकामी चौकट दिसते. शांतपणे चुकणाऱ्या कोडची मला मनापासून भीती वाटते.

मजकूर सापडला तरी तो जसाच्या तसा दाखवता येत नाही. ओळींच्या पुढची इंडेंटेशनची मोकळी जागा त्यात तशीच असते. दुसऱ्या मेथडचा संदर्भ दिला असेल तर फाइलमध्ये त्या मेथडची ती लांबलचक ओळख उमटते, आणि शेतकऱ्याला ती दाखवण्यात अर्थ नाही. वारशाने कमेंट घेण्याचा टॅग वापरला असेल तर कंपाइलर तो टॅग तसाच फाइलमध्ये उतरवतो. पालक क्लासची कमेंट शोधून आणायचं काम तुमचं. आणि कमेंट ही एक्सएमएल असल्यामुळे कुणी ‘वजन < १ क्विंटल असेल तर’ असं सहज लिहिलं, की त्या एका चिन्हाने त्या मेंबरचा मजकूर अवैध ठरतो. कंपाइलर इशारा देतो, पण बिल्ड थांबवत नाही, आणि फाइलमध्ये त्या जागी मजकूर दुर्लक्षित केल्याची नोंद तेवढी राहते.

मग प्रश्न येतो फाइल पोचवण्याचा. तुमच्या अडत्यांच्या गाळ्यांवर अपडेट कोण टाकतं? पेनड्राइव्हवर फक्त ईएक्सई आणि डीएलएल घेऊन जाणारा माणूस प्रत्येक कंपनीत असतोच. एक्सएमएल फाइल राहून गेली तर प्रोग्राम व्यवस्थित चालतो, बिलं निघतात, फक्त मदत गायब होते. त्यात तुम्ही एकाच फाइलमध्ये सगळं बांधून पब्लिश करत असाल तर असेंब्लीचं लोकेशन विचारल्यावर रिकामं उत्तर येतं आणि ‘शेजारची फाइल’ हा हिशेबच कोसळतो. तिथे प्रोग्रामचा मूळ फोल्डर अॅप कॉन्टेक्स्टकडून विचारावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. त्या एक्सएमएल फाइलमध्ये फक्त सार्वजनिक मेंबरांच्या कमेंट जातात असा समज आहे. तसं नाही. खाजगी मेथडवर तीन तिरक्या रेघांनी लिहिलेलंही त्यात जातं. ‘अमुक गाळ्यासाठी हा दर तात्पुरता हाताने बदललाय’ अशी एखादी अंतर्गत टीप तुम्ही गिऱ्हाइकाच्या मशीनवर साध्या मजकुरात पाठवत असाल. फाइल पाठवण्याआधी एकदा नोटपॅडमध्ये उघडून वाचा.

ही फाइल वाचण्याची वाट चुकीची आहे असं नाही. वेब एपीआयचं दस्तऐवजाचं पान तयार करायला ती उत्तम आहे. स्वॅशबकल ही लायब्ररी कित्येक वर्षं अशीच एक्सएमएल फाइल वाचून पानं बनवते. तिथे वाचणारा डेव्हलपर असतो आणि कमेंटही डेव्हलपरसाठीच लिहिलेली असते. दोघांची गाठ पडते ती योग्य माणसाशी. एखाद्या मेथडचं वर्णन तिथे आलं नाही तर कुणाचे पैसे अडत नाहीत.

बाकी भाषांत काय आहे हे पाहणं उपयोगाचं आहे, कारण तुम्ही शोधताना ‘एका ओळीत होतं’ असं सांगणारी उत्तरं वाचली असतील. ती खोटी नाहीत, ती दुसऱ्या भाषेची आहेत. पायथनमध्ये फंक्शनच्या आतलं पहिलं विधान जर नुसती स्ट्रिंग असेल तर ती डॉकस्ट्रिंग, आणि ती त्या फंक्शनच्या ऑब्जेक्टवरच टांगलेली राहते. रनटाइमला ती सरळ वाचता येते, कारण मुळात ती कमेंट नाहीच, ती स्ट्रिंग आहे. इन्स्पेक्ट मॉड्यूल तिचं इंडेंटेशन साफ करून देतं आणि मेथडवर नसेल तर पालक क्लासवरची शोधून आणतं. पण पायथन दुहेरी ओ पर्यायाने चालवलं की सगळ्या डॉकस्ट्रिंग काढून टाकल्या जातात आणि हाती नन, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. जावामध्ये अवस्था सी शार्पसारखीच: जावाडॉक (तिथली डॉक कमेंट) क्लास फाइलमध्ये जात नाही. जावाने २००४ साली पाचव्या आवृत्तीत अॅनोटेशन (तिथले अॅट्रिब्यूट) आणली ती याच गरजेतून, आणि तिथे नवख्यांची एक ठरलेली चूक होते. अॅनोटेशन किती काळ टिकवायचं हे सांगितलं नाही तर ते क्लास फाइलपर्यंत पोचतं पण रिफ्लेक्शनला दिसत नाही. टिकण्याची मुदत रनटाइम अशी स्पष्ट लिहावी लागते. गो भाषेतही रिफ्लेक्शनला कमेंट दिसत नाही, स्ट्रक्टच्या फील्डवरचे टॅग मात्र दिसतात. एलिक्सिरमध्ये २०१८च्या १.७ आवृत्तीपासून डॉक्युमेंटेशन बिल्ड झालेल्या बीम फाइलच्या एका वेगळ्या भागात ठरलेल्या रचनेत राहतं आणि चालत्या प्रोग्राममधून वाचता येतं. तरी रिलीज बांधताना तो भाग मुद्दाम ठेवायला सांगितला नाही तर छाटला जातो.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसेल. जिथे डॉक कमेंट रनटाइमला मिळते तिथेही ती काढून टाकण्याचा पर्याय कुठेतरी असतोच. भाषा बनवणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं आहे की हा मजकूर काढला तरी प्रोग्रामच्या वागण्यात फरक पडता कामा नये. आपण तो फरक पडू दिला की आपण त्यांच्याशी झालेला करार मोडला.

आता माझा अनुभव. तो पीएचपीमधला आहे.

पीएचपीचं रिफ्लेक्शन या बाबतीत फार उदार आहे. तिरकी रेघ आणि दोन चांदण्यांनी सुरू होणारी कमेंट क्लासवर, मेथडवर किंवा प्रॉपर्टीवर असेल तर गेट डॉक कमेंट या नावाची मेथड ती अख्खी स्ट्रिंग म्हणून परत देते. ५.१ आवृत्तीपासून ही सोय आहे. त्या काळात पीएचपीत अॅट्रिब्यूट नव्हते, त्यामुळे मोठ्या मोठ्या फ्रेमवर्कनी आपली सगळी अॅनोटेशन याच कमेंटमध्ये लिहायची पद्धत पाडली. डेटाबेसशी बोलणाऱ्या डॉक्ट्रिनमध्ये टेबलचं नाव, कॉलमचा प्रकार, नाती, सगळं कमेंटमध्ये असायचं. मीही तेच शिकलो आणि मला ते फार आवडलं होतं.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या एका द्राक्ष पॅकहाऊससाठी मी माल आवक, प्रतवारी आणि पेट्यांच्या लेबलांचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. प्रत्येक फील्डवरच्या डॉक कमेंटमध्ये मी स्वतःचे टॅग लिहायचो: हे फील्ड आवश्यक, हे इतक्या अक्षरांचं, हे या तारखेआधीचं नको. माझा एक छोटा क्लास रिफ्लेक्शनने त्या कमेंट वाचून फॉर्म तपासायचा. फील्ड आणि नियम एकाच जागी, वाचायलाही सुंदर. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांना बागेची नोंदणी लागते, म्हणून बागेचा नोंदणी क्रमांक आवश्यक हा नियमही तिथेच, एका कमेंटमध्ये होता.

२०१४चा हंगाम. फेब्रुवारी, म्हणजे काढणी ऐन जोरात. जुना सर्व्हर पुरेना म्हणून नव्या सर्व्हरवर हललो. तिथे पीएचपी ५.५ होतं आणि त्यात ऑपकॅश, म्हणजे कंपाइल झालेला कोड मेमरीत साठवून वेग वाढवणारी सोय, चालू होतं. वेग जाणवण्याइतका वाढला, सगळे खूश. त्या सर्व्हरवर ऑपकॅशची एक सेटिंग, कमेंट साठवण्याची, शून्यावर ठेवलेली होती. मेमरी वाचावी म्हणून बरेच जण तेव्हा तसं करायचे. ती शून्य असली की ऑपकॅश डॉक कमेंट टाकून देतो आणि गेट डॉक कमेंट फॉल्स परत करते.

फॉल्स. ज्या फील्डवर कमेंट लिहिलीच नाही त्यालाही ती फॉल्सच देते. माझ्या क्लासने फॉल्स पाहिलं आणि त्याचा अर्थ ‘या फील्डला काही नियम नाही’ असा घेतला. एका क्षणात अख्ख्या सिस्टिममधले सगळे नियम नाहीसे झाले. एकही एरर आली नाही, लॉगमध्ये एकही ओळ उमटली नाही, फॉर्म भराभर सेव्ह होत राहिले. नोंद करणाऱ्या मुलांना वाटलं आता सोपं केलंय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पॅकहाऊसच्या सुपरवायझर ताईंनी पेट्यांचा थर मोजताना पाहिलं की काही लेबलांवर नोंदणी क्रमांकाची जागा कोरी आहे. त्यांनी भरणं थांबवलं आणि मला फोन केला. मी कॉलेज रोडवरून तासाभरात पोचलो. कोणत्या पेट्या कोणत्या बागेच्या हे सॉफ्टवेअरमधून कळायला मार्ग नव्हता, कारण ते लिहूनच घेतलं नव्हतं. ताईंनी गेटवरची आवक वही काढली, गाडी नंबर, वेळ आणि क्रेटची संख्या जुळवत पहाटेपर्यंत आम्ही पेट्या लावत बसलो. ज्या जुळल्या नाहीत त्या स्थानिक बाजारात गेल्या. निर्यातीचा माल तयार करायला शेतकरी वर्षभर खपतो. विरळणी, डिपिंग, पेपर लावणं. तो माल माझ्या एका कमेंटमुळे हलक्या भावात गेला, याचं वाईट मला आजही वाटतं.

सेटिंग एकवर केली आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. पण मी त्या आठवड्यात नियम कमेंटमधून काढून साध्या पीएचपी अॅरेत नेले. दिसायला कुरूप, तरी ऑपकॅश अॅरे फेकून देऊ शकत नाही. पुढे २०२०च्या नोव्हेंबरात आलेल्या पीएचपी ८ने खरे अॅट्रिब्यूट दिले, जे भाषेचा भाग आहेत. त्यानंतर डॉक्ट्रिन आणि सिम्फनी यांनीही कमेंटमधली अॅनोटेशन सोडून अॅट्रिब्यूटची वाट धरली. माझं तेच म्हणणं आहे: जो मजकूर नसला तर प्रोग्राम वेगळा वागेल, तो मजकूर कमेंटमध्ये ठेवू नका. तो प्रोग्रामचा माल आहे. तो जिथे माल ठेवतात तिथे ठेवा.

तुमच्याकडे परत येतो. सी शार्पमध्ये ती जागा म्हणजे अॅट्रिब्यूट. स्वतःचा ‘वजावट स्पष्टीकरण’ असा एक छोटा अॅट्रिब्यूट क्लास लिहा, त्यात एक शीर्षक आणि एक मजकूर, आणि तो प्रत्येक वजावटीच्या मेथडवर लावा. तो असेंब्लीच्या मेटाडेटात जातो, सोबत फाइल न्यायची गरज नाही, ओळख जुळवायची कसरत नाही. रिफ्लेक्शनने मेथड हाती आली की कस्टम अॅट्रिब्यूट मागायचा, संपलं. मागताना दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनतो, म्हणून हे प्रत्येक पट्टीच्या प्रत्येक ओळीला करू नका. सुरुवातीला एकदा वाचून डिक्शनरीत ठेवा.

अॅट्रिब्यूटमध्ये फक्त कंपाइलच्या वेळी ठरलेली स्थिर मूल्यंच चालतात, त्यामुळे मजकूर तिथे सरळ लिहिला तर तो एकाच भाषेत राहील. तुमचे काही खरेदीदार हिंदीत बघणारे असतील, त्यासाठी डॉट नेटमधला तयार डिस्प्ले अॅट्रिब्यूट चांगला: त्यात रिसोर्सचा टाइप आणि त्यातली किल्ली द्यायची, मजकूर रिसोर्स फाइलमध्ये मराठी-हिंदी वेगवेगळा. इथे दोन ठिकाणी ठेच लागते. वर्णनाची प्रॉपर्टी वाचली तर मजकुराऐवजी नुसती किल्ली मिळते, त्यासाठी गेट डिस्क्रिप्शन ही मेथड बोलवावी लागते. आणि रिसोर्सचा क्लास मुळात अंतर्गत दृश्यतेचा तयार होतो. तो सार्वजनिक केला नाही तर रनटाइमला अपवाद येतो. हा अपवाद मात्र मला आवडतो. निदान तो ओरडतो तरी.

रिसोर्स फाइलचा एक मोठा फायदा असा की तिथला मजकूर प्रोग्रामर नसलेला माणूस दुरुस्त करू शकतो. तुमच्या कमेंट तुम्ही मनापासून लिहिल्या असतील, पण ‘नग संख्येला वाराईच्या दराने गुणून पूर्णांकित रक्कम परत करते’ हे वाक्य आपल्यासाठी आहे. लासलगावला ट्रॅक्टर घेऊन आलेला माणूस ते वाचून म्हणेल, परत करते म्हणजे मला परत मिळणार का? तिथल्या एखाद्या जुन्या दिवाणजींना शेजारी बसवून ती वाक्यं लिहून घ्या.

मग कमेंट काढून टाकायच्या का? अजिबात नाही. त्या राहू द्या, पण पुढच्या डेव्हलपरसाठी. पूर्णांकन का वर केलं, खाली का नाही. हा दर टेबलमधून का येतो. कोणत्या गाळ्याने कोणती तक्रार केली म्हणून ही अट आली. २०१६च्या जुलैत राज्यात फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा बदल झाला, तेव्हा अशा सॉफ्टवेअरांमध्ये घाईघाईत कोड बदलले गेले. कोड बदलला आणि वरची कमेंट तशीच राहिली हे दृश्य मी नंतर किती वेळा पाहिलंय. डेव्हलपरने वाचली तर तो खाली कोड पाहून समजून घेतो. तीच शिळी कमेंट पट्टीवर छापून शेतकऱ्याच्या हातात गेली असती, ‘शेतकऱ्याच्या रकमेतून अडत वजा’, तर केवढा गोंधळ झाला असता याचा विचार करा.

कुणी सुचवेल की सोर्स जनरेटर वापरून कंपाइलच्या वेळीच कमेंट उचला आणि कोडमध्ये स्ट्रिंग म्हणून भरा. होतं तसं. डॉट नेट १० मध्ये वेब एपीआयच्या वर्णनासाठी मायक्रोसॉफ्टने हीच वाट घेतली आहे. फाइल पोचवण्याचा प्रश्न त्याने सुटतो. फक्त एवढं जाणून घ्या की डॉक्युमेंटेशन फाइलचा पर्याय बंद असेल तर कंपाइलर डॉक कमेंट वाचायची तसदीच घेत नाही आणि जनरेटरच्या हाती रिकामी स्ट्रिंग येते. पुन्हा तीच शांत चूक. आणि वाक्य कुणासाठी लिहिलंय हा प्रश्न तसाच राहतो.

रिफ्लेक्शनचा खरा उपयोग तुम्हाला टेस्टमध्ये होईल. एक युनिट टेस्ट लिहा जी असेंब्लीतल्या सगळ्या वजावटीच्या मेथड गोळा करते आणि ज्या मेथडवर स्पष्टीकरणाचा अॅट्रिब्यूट नाही, किंवा ज्याची किल्ली मराठी रिसोर्समध्ये नाही, तिचं नाव सांगून नापास होते. पंधरा-वीस ओळींची टेस्ट आहे. ती असती तर माझी तीन दिवसांची चूक पहिल्या बिल्डलाच कळली असती, कारण मी ती नव्या सर्व्हरवर, त्याच्याच सेटिंगसह चालवली असती. तेवढं तुम्हीही करा: टेस्ट आपल्या लॅपटॉपवर हिरवी दिसली म्हणून थांबू नका, जो पब्लिश केलेला पॅकेज गाळ्यावर जाणार त्याच्यावर ती चालवा. पब्लिश करताना न वापरलेला कोड छाटण्याचा पर्याय चालू असेल तर ज्या मेथडला फक्त रिफ्लेक्शनने हात लागतो ती छाटली जाऊ शकते, आणि हे फक्त पब्लिश केल्यावरच दिसतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमचं बटण नेमका कोणता प्रश्न घेतं, ते बघा. पट्टीवर हमाली ११०.४० रुपये दिसते आणि शेतकरी प्रश्नचिन्ह दाबतो. त्याला ‘हमाली म्हणजे काय’ हे विचारायचं नाही. ते त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याला विचारायचंय, माझे एकशे दहा कसे झाले? हे उत्तर कमेंटमध्ये नाही, अॅट्रिब्यूटमध्ये नाही, रिसोर्स फाइलमध्येही नाही. ते फक्त त्या क्षणी, ते गणित होत असताना, त्या मेथडच्या आत असतं. आणि तुमची मेथड ते फेकून देऊन नुसती रक्कम परत करते.

म्हणून मेथडने रक्कम परत करण्याऐवजी एक छोटी नोंद परत करावी: वजावटीचं नाव, प्रमाण, एकक, दर, पूर्णांकनाआधीची आणि नंतरची रक्कम, आणि दर कुठून आला त्याचा संदर्भ. समजा वजन १८.४० क्विंटल आहे आणि हमालीचा दर क्विंटलला ६ रुपये आहे. मग बटण दाबल्यावर स्क्रीनवर ‘१८.४० क्विंटल × ६ रुपये = ११०.४० रुपये’ असं यावं, आणि खाली अॅट्रिब्यूटमधलं एक वाक्य, की ही रक्कम गाडी खाली करणाऱ्या हमालांना जाते. वाक्याचा साचा रिसोर्समध्ये, आकडे नोंदीतून. आकडे आणि स्पष्टीकरण एकाच गणितातून निघत असल्यामुळे ते एकमेकांपासून फारकत घेऊ शकत नाहीत. कोड बदलला की समजावणंही आपोआप बदलतं.

ही नोंद बिलासोबत डेटाबेसमध्ये साठवा. पुढच्या वर्षी दर बदलतील आणि कुणीतरी जुनी पट्टी घेऊन गाळ्यावर येईल. तेव्हा आजच्या दराने समजावून चालणार नाही, त्या दिवशीचाच दर दिसला पाहिजे. छापील पट्टीवर जागा कमी असते, तर प्रमाण आणि दर एवढे दोन रकाने तरी वाढवा.

सुरुवात सगळ्या मेथडवर एकदम करू नका. फक्त तोलाई घ्या, ती सगळ्यात साधी असते. तिच्यावर अॅट्रिब्यूट, तिची नोंद, तिची टेस्ट एवढं पूर्ण करून एका गाळ्यावर आठवडाभर लावा आणि काउंटरपाशी उभं राहून लोक बटण दाबून झाल्यावर दिवाणजींना पुन्हा काय विचारतात ते लिहून घ्या. वाराईला हात त्यानंतर लावा. तिच्यात नग आणि वजन दोन्ही येत असतील तर नोंदीत प्रमाणाचा एकच रकाना पुरणार नाही.